मुक्तिसंग्रामावरच्या लघुपटातली चकमक खरी कशी वाटेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबाजोगाई परिसरातल्या तुमच्या गटाला हैदराबाद मुक्तिसंग्रामावर पंचवीस मिनिटांचा लघुपट करायचा आहे. गावातली पोरं आणि रझाकार (निजामाच्या बाजूने लढणारे सशस्त्र स्वयंसेवक) यांच्यात एक चकमक होते आणि शेवटी भारतीय फौज गावाजवळून पुढे जाते. पैसे चार लाख, माणसं तीसेक, कॅमेरा एक. चाचणी म्हणून चाळीस सेकंदांचं दृश्य काढून पाहिलं, तर ते शाळेच्या गॅदरिंगसारखं दिसलं. चुकतंय कुठे, आणि एवढ्याच पैशांत लढाई खरी कशी दिसेल?

हे पैशांमुळे झालेलं नाही. तुम्ही केलेलं वर्णन असं आहे: वीस पोरं ओरडत धावतात, कमरेवरून बंदुका झाडतात, मागे पेट्रोलचा भडका उडतो, चार जण उडून पडतात. यात कोण कुठे आहे ते कळत नाही, कशालाच वेळ लागत नाही आणि कशालाच वजन नाही. जागा, वेळ आणि वजन सांभाळलं तर तीस माणसांत लढाई उभी राहते. ते सुटलं तर तीनशे माणसं आणूनही नुसती गर्दी दिसते. ऐतिहासिक मालिकांत रोज हेच घडतं: तेच दहा जण पुन्हा पुन्हा मरतात आणि ढोलताशांचा आवाज सगळं झाकून टाकतो.

त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवा. तुमची चकमक कोणत्या महिन्यात घडते? पोलिस ॲक्शन, म्हणजे भारतीय फौजेची हैदराबाद संस्थानावरची कारवाई, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. म्हणजे भाद्रपद, भर पावसाळा. पहिल्याच दिवशी सोलापूरकडून आलेल्या फौजेने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. तुळजापुरात पहाटे पोचलेल्या तुकडीशी हैदराबादच्या पायदळाचे सैनिक आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले. तिथून लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी मात्र नदीला पूर आल्यामुळे अडकली. चार दिवसांच्या या मोहिमेत चिखल आणि पाणी सगळीकडे आहे. पडद्यावर मात्र मुक्तिसंग्राम म्हटलं की एप्रिलमधला भगभगीत माळ आणि उडणारा फुफाटा दिसतो, कारण चित्रीकरण सुट्टीत होतं.

तेव्हा दोन रस्ते आहेत. चकमक सप्टेंबरातच दाखवायची असेल तर चित्रीकरण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा आणि लघुपट पुढच्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला दाखवा. ते जमणार नसेल आणि उन्हाळ्यातच काम उरकायचं असेल तर कथेतली चकमकही उन्हाळ्यात न्या. सरहद्दीवरच्या कॅम्पमधून येऊन करोडगिरीची (जकातीची) नाकी आणि चौक्यांवर हल्ले करण्याचं काम १९४७ च्या अखेरीपासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत चालू होतं, म्हणून फाल्गुन-चैत्रातली चकमकही इतिहासाला धरूनच राहील. तुमच्या जागी मी दुसरा रस्ता घेतला असता. पावसाळी चित्रीकरणात काळ्या रानात जनरेटरची गाडी रुतते, उघडीप कधी मिळेल सांगता येत नाही आणि ढगांमुळे दर पाच मिनिटांनी उजेड बदलतो.

सप्टेंबरच निवडला तर पिकांकडे बघा. आज त्या महिन्यात बीड-लातूरकडे जिकडे बघावं तिकडे सोयाबीन आहे. १९४८ साली आपल्याकडे सोयाबीनचं नाव नव्हतं. तेव्हाच्या रानात देशी कापूस, खरिपाची ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, भुईमूग. तुरीचं किंवा ज्वारीचं रान शोधा. ज्वारी डोक्याएवढी वाढलेली असते, तिच्यात माणूस उभा लपतो, आणि यातून लढाईचा अर्धा थरार फुकटात मिळतो. बांधावर गाजर गवत असेल तर उपटून टाका किंवा चौकटीबाहेर ठेवा. ते आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं १९५५ च्या सुमारास, पुण्यात. विजेचे खांब, सिमेंटच्या टाक्या, ठिबकच्या नळ्या, पत्र्याची शेडं या गोष्टी तर तुमच्या लक्षात येतीलच. गाव निवडताना माळवदाची घरं आणि जुनी गढी जिथे एका बाजूने शाबूत आहे असं गाव बघा. चौकीच्या किंवा कचेरीच्या पाटीवर उर्दू हवी, कारण राज्यकारभाराची भाषा ती होती. उर्दू कुणा जाणकाराकडूनच लिहून घ्या. संगणकावर लिपी टंकताना अक्षरं सुटी पडली की वाचणारा माणूस तिथेच थांबतो.

आता जागा. चित्रीकरणाच्या आधी कागदावर नकाशा काढा. गढी कुठे, ओढा कुठे, पोरं कुठून येतात, रझाकार कुठे आहेत, सूर्य कुठे उगवतो. मग एक रेघ ठरवा: पोरं कायम डावीकडून उजवीकडे बघतील आणि सरकतील, रझाकार उजवीकडून डावीकडे. कॅमेरा या रेघेच्या एकाच बाजूला राहील. ही रेघ एकदा मोडली की प्रेक्षकाला वाटतं पोरं स्वतःच्याच माणसांवर गोळ्या झाडतायत, आणि मग कितीही चांगला अभिनय असला तरी तो गोंधळातच राहतो. दृश्याच्या सुरुवातीला गढीच्या बुरुजावरून किंवा झाडावरून एक लांबचा शॉट घ्या, निदान आठ सेकंद, आणि त्यात एक खूण ठेवा. एकटं बाभळीचं झाड, देवळाचा कळस, पडका बुरूज, काहीही चालेल. नंतरच्या प्रत्येक तीन-चार शॉटमागे ती खूण कुठेतरी मागे दिसली पाहिजे.

जागा समजावण्याचा सर्वांत चांगला धडा आपल्याच मराठवाड्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांची फौज कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उभी होती. शंभराच्या वर तोफा होत्या, आणि कवायती पायदळ होतं. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याला वाटाड्यांनी सांगितलं की नदीला इथे उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. त्याने पाहिलं की दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत, आणि तर्क केला की मध्ये उतार असल्याशिवाय अशी गावं वसत नाहीत. उतार पिंपळगावजवळ सापडला आणि तिथून तो मराठी फौजेच्या बगलेवर आला. मराठी पायदळाने तोंड फिरवून नवी ओळ धरली आणि तोफांनी इंग्रजांचे १५०० हून जास्त लोक मारले किंवा जायबंदी केले. या लढाईवर पटकथा लिहायची झाली तर पहिलं दृश्य हेच हवं, कारण गावं दाखवली की नदी कळते, नदी कळली की धोका कळतो. तुमच्या चकमकीतही असं एक वाक्य हवं. "ओढ्याला पाणी आलंय, परत येताना वाट नाही," एवढं एका पोराने म्हटलं की पुढचा प्रत्येक शॉट आपोआप ताणला जातो.

असईच्या उदाहरणाने आणखी एक गोष्ट नीट दिसते. प्रत्येक काळातली लढाई निराळी दिसते. १८०३ मध्ये माणसं खांद्याला खांदा लावून ओळीत उभी असत, कारण बंदूक ठासायला वेळ लागे आणि नेम अचूक नसे. जाळ आणि पांढऱ्या धुराने पाच मिनिटांत रणांगण दिसेनासं होई. १९४८ मध्ये रायफल तीनशे मीटरवरून माणूस टिपते, म्हणून माणसं पांगतात, जमिनीला चिकटतात आणि शत्रू जवळजवळ दिसत नाही. तुमच्या दृश्यात सगळे घोळक्याने धावतात. तसं करू नका. दोन माणसांत निदान पाच-सहा पावलांचं अंतर ठेवा. शत्रू लांबचा ठिपका, गढीच्या जंग्यातून दिसणारी नळी, ज्वारीत हललेली कणसं एवढाच राहू द्या. यात पैसेही वाचतात.

आता वेळ. बंदुका कोणाच्या हातात कोणत्या, हे आधी नक्की करा. रझाकारांतल्या साधारण चौथाई लोकांकडेच नवी हत्यारं होती. बाकीच्यांकडे भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासून भरायच्या, बंदुका आणि तलवारी. गावच्या पोरांकडेही भरमार, कुऱ्हाड, भाला, गोफण. हैदराबादच्या नियमित सैन्याकडे आणि भारतीय फौजेकडे थ्री नॉट थ्री रायफल. भारतीय जवानाच्या हातात एसएलआर, इन्सास किंवा एके दिसली तर सगळं संपलं. एसएलआर आपल्याकडे साठच्या दशकात आली. छपाईचे ठिपकेदार गणवेशही तेव्हा नव्हते. जवान साध्या एकरंगी खाकी किंवा हिरवट कपड्यांत असावेत. निजामाचे पोलीस, नियमित सैन्य, रझाकार आणि पैसे देऊन ठेवलेले अरब-पठाण हे चार वेगळे लोक आहेत, त्यांना एकाच गठ्ठ्यातले कपडे घालू नका. कपडे ठरवताना त्या काळचे फोटो समोर ठेवा.

भरमार भरायला दारू ओतायची, बोळा ठासायचा, छर्रे टाकायचे, पुन्हा बोळा, गज ओढायचा, बार पेटवणारी टोपी बसवायची, घोडा चढवायचा. सरावलेल्यालाही अर्धा मिनिट सहज जातो, घाबरलेल्याला मिनिटभर. हा मिनिट कापू नका. एका पोराने बार उडवला, चुकला, आणि आता तो थरथरत्या हाताने गज शोधतोय, समोरून पावलं येतायत. तुमच्या पूर्ण लघुपटातला सगळ्यांत जबर प्रसंग हा होईल आणि त्याला एक रुपया लागत नाही. पावसाळ्यात तर दारू दमट होऊन बार फुसका जाण्याची शक्यताही आहे. ती कथेत वापरा.

थ्री नॉट थ्रीत दहा गोळ्या बसतात, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरतात. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. हे चार हिसके झाल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही. एनसीसीत बोल्टची रायफल हाताळलेली दोन पोरं गटात घ्या. गावात निवृत्त फौजी असतोच. त्यांना दोन संध्याकाळी बोलवा. रायफल खांद्यात कशी रुतवायची, पडून रांगताना नळी मातीत जाऊ नये म्हणून हात कुठे ठेवायचा, बोट चापावर कधी न्यायचं, हे ते तासाभरात शिकवतात. पोरं हे पाठ करतात तेव्हा त्यांची चेहऱ्यावरची नाटकी खुन्नस आपोआप जाते, कारण लक्ष हाताकडे लागतं.

हातबॉम्बची वातही चार सेकंदांची असते. फेकला की लगेच फुटतो असं दाखवू नका. फेकणारा खाली पडतो, एक... दोन... तीन... चार. या चार सेकंदांत कॅमेरा बॉम्बवर नको, खाली पडलेल्याच्या कानावर दाबलेल्या हातांवर ठेवा.

वजन ही तिसरी गोष्ट, आणि सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. खरी थ्री नॉट थ्री चार किलोच्या आसपास भरते. लाकडी बंदूक सव्वा किलोची असेल तर नट ती छडीसारखी फिरवतो. जवळून दिसणाऱ्या पाच-सहा बंदुकांत लोखंडी सळई बसवून वजन साडेतीन किलोपर्यंत न्या, पट्टा लावा, आणि सकाळपासून त्याच नटाच्या खांद्यावर राहू द्या. दुपारपर्यंत त्याची चाल बदलते. पळापळीच्या आणि पडापडीच्या शॉटसाठी मात्र रबराच्या किंवा हलक्या बंदुका, नाहीतर दात पडतात. तलवारी बोथट ॲल्युमिनियमच्या घ्या, कडा हाताने चाचपून बघा. प्रत्येक वार आकड्यावर बसवा, तीन वारांपेक्षा लांब झटापट ठेवू नका.

गोळी लागल्यावर माणूस मागे उडत नाही. हिशोब करून बघा. थ्री नॉट थ्रीची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या जवळपास. गोळी पूर्णपणे अंगात थांबली तरी साठ किलोच्या माणसाला तिच्यामुळे सेकंदाला पंधरा सेंटिमीटरसुद्धा वेग मिळत नाही. माणूस जागच्या जागी ढासळतो, गुडघ्यात मोडतो, किंवा दोन-चार पावलं तसाच धावतो आणि मग बसतो. पोत्याची दोरी सुटावी तसा. हे एकदा सगळ्यांना चिखलात करून दाखवायला लावा. उडी मारून पडण्याची सवय घालवायला अख्खी संध्याकाळ लागते.

रक्तासाठी बेकरीच्या सामानाच्या दुकानातून एक लिटर लिक्विड ग्लुकोज घ्या. त्यात पाव लिटर कोमट पाणी, दोन चमचे खाण्याचा लाल रंग, अर्धा चमचा कोको पावडर आणि निळ्या रंगाचे दोन-तीन थेंब घाला. कोको नसेल तर ते गुलाबी सरबत दिसतं. तोंडातून रक्त दाखवायचं असेल तर याच मिश्रणाला फक्त खाण्यायोग्य रंग. कपड्यांवरच्या मिश्रणात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकले तर डाग थोडा तरी निघतो. पूर्ण निघत नाही, म्हणून जखमी होणाऱ्या प्रत्येक पात्राची धोतर-बंडी तीन जोड हवीत. एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना रक्त काळपट होत गेलं पाहिजे; दहा-पंधरा मिनिटांनी ताजं लाल राहत नाही. काळ्या मातीवर रक्त दिसतच नाही, त्यामुळे मातीवर ओतून वाया घालवू नका. साखरेमुळे मुंग्या आणि मधमाश्या येतात. पडून राहिलेल्या "मृत" नटाला दोन शॉटच्या मध्ये उठवून पुसत जा, एरवी तो ऐन वेळी हलतो.

स्फोटांबद्दल स्पष्ट सांगतो. सुतळी बॉम्ब फोडून दारू काढणं, डब्यात भरणं, पेट्रोलच्या पिशव्या उडवणं हे करू नका. हा कायद्याने गुन्हा आहे आणि हात-डोळे जाण्याचा सरळ रस्ता आहे. शिवाय पेट्रोलचा केशरी भडका खोटाही आहे. तोफेचा गोळा किंवा हातबॉम्ब फुटतो तेव्हा दिवसाउजेडी क्षणभर चमक, मग काळसर धूर आणि उभा उसळलेला मातीचा खांब दिसतो. तो हवेच्या दाबाने करता येतो. ट्रकच्या एअर ब्रेकची लोखंडी टाकी, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, एक इंची झटक्यात उघडणारा व्हॉल्व्ह आणि वर नरसाळं. चार ते पाच बार दाब पुरतो. टाकीवर दाबाचं घड्याळ आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. टाकी म्हणून पीव्हीसी पाइप कधीही नको. तो फुटला की त्याच्याच काचा होतात. नरसाळ्यात चाळलेली कोरडी माती, लाकडाचा भुसा, थोडी मुलतानी माती. खडा एकही नको. ओली काळी माती ढेकळाने उडते आणि लागते, म्हणून माती आठवडाभर आधी गोठ्यात पसरून वाळवून ठेवा. नरसाळ्यावर कोणी वाकायचं नाही, जवळचा नट निदान पाच मीटरवर, आणि आसपासच्या प्रत्येकाला चश्मा, नटाला सोडून. म्हणून त्याचं तोंड उलट बाजूला. दिवसाला आठ-दहा वेळाच हे वापरा. प्रेक्षकाच्या मनात एकच स्फोट राहतो, बाकीचे तो विसरतो.

खरी बंदूक सेटवर येता कामा नये. गावात कोणाकडे परवान्याची बाराबोर असते आणि मालक हौसेने द्यायला तयार असतो, तरीही नाही. रिकामी असली तरी नाही. अमेरिकेत १९९३ साली ब्रँडन ली हा नट चित्रीकरणात नळीत अडकून राहिलेल्या गोळीच्या तुकड्याने मेला, आणि २०२१ मध्ये हलिना हचिन्स ही छायाचित्रकार प्रॉप समजून हातात घेतलेल्या पिस्तुलातल्या खऱ्या गोळीने गेली. तिथे हत्यारं सांभाळायला पगारी माणसं होती.

नळीतला जाळ नंतर संगणकावर टाका. इथे एक बारकावा आहे. रायफलचा जाळ काही हजारांश सेकंद टिकतो. सेकंदाला पंचवीस फ्रेमवर, सेकंदाच्या एक पन्नासांश शटरने चित्रण केलं की पडदा अर्धा वेळ बंद असतो, त्यामुळे खऱ्या गोळीबारातले जवळपास निम्मे जाळ कॅमेऱ्यात येतच नाहीत. म्हणून प्रत्येक गोळीला जाळ काढू नका. दोनातल्या एका गोळीला, फक्त एक फ्रेम, आणि दिवसा तर अगदी फिका. भरमारला उलट: मोठा केशरी जाळ आणि पांढऱ्या धुराचा लोळ, जो तिथेच रेंगाळतो. रात्रीच्या दृश्यात जाळाचा उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे. बाहेरून एलईडी एका फ्रेमपुरती चमकवा. स्वस्त कॅमेऱ्यात फ्लॅशने चौकट अर्धी उजळ अर्धी काळी येते, ते आधी तपासा.

धावपळीसाठी शटर एक शतांशावर न्या, हालचाल थोडी तुटक आणि टोकदार होते. एक द्विशतांशावर सगळंच थरथरतं, ते चार-पाच शॉटांपलीकडे सहन होत नाही आणि गावातल्या ट्यूबलाइटखाली लुकलुक येते. स्लो मोशन पूर्ण चकमकीत एकदाच, तेही माणूस मरताना नको. मरण संथ केलं की ते सुंदर दिसायला लागतं.

तीसांचे सव्वाशे करायचे असतील तर कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवा. चौकटीचे चार पट्टे ठरवा. तीसही जण पहिल्या पट्ट्यात चालतील, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. पट्ट्याची सीमा कोणी ओलांडायची नाही. रुमाल, पटके, जागा दर वेळी अदलाबदल करा. चारही वेळा मिळून दहा मिनिटांत उरका, नाहीतर सावल्या सरकतात आणि जोड दिसतो. एवढी उठाठेव नको असेल तर शंभर-दोनशे मिलिमीटरची लांब लेन्स लावा आणि माणसं एकामागे एक अशा तीन रांगांत पांगवा. बारा जणांचा जमाव भरगच्च दिसतो.

आवाजाला मात्र घाई करू नका, कारण युद्ध कानातून जास्त कळतं. गोळी आवाजापेक्षा वेगाने येते. ज्याच्याकडे गोळी येते त्याला आधी चाबकासारखी "चट्ट" ऐकू येते आणि मग लांबून बंदुकीची "धप". तीनशे मीटरवर या दोन्हींत साधारण दहा फ्रेमचं अंतर पडतं, शंभर मीटरवर चार फ्रेमचं. एवढं अंतर ठेवलं की प्रेक्षकाला न सांगता कळतं शत्रू किती लांब आहे, आणि अंतर कमी होत गेलं की तो जवळ येतोय. भरमारला ही चट्ट जवळपास नसते, जड "धाड" असते. तलवार म्यानातून निघताना किणकिण वाजत नाही. म्यान लाकूड-कातड्याचं असतं. मागचं वातावरण वेगळं रेकॉर्ड करा, पण मोटरपंपाची घरघर आणि लांबचा ट्रॅक्टर त्यात येऊ देऊ नका. १९४८ च्या पहाटे मोटेचं कुरकुरणं, बैलांच्या घुंगरमाळा, जात्याची घरघर. पहिली गोळी सुटली की पाखरं एकदम उठतात आणि मग सगळं गप्प होतं. ही गप्प जागा पार्श्वसंगीताने भरू नका.

फौजेचे रणगाडे तुमच्या पैशांत येणार नाहीत, संगणकावर केलेले खेळण्यासारखे दिसतील. ते आवाजानेच दाखवा. माळवदावर ठेवलेल्या लोट्यातलं पाणी थरथरतं, कौलातून माती झरते, म्हातारी बाहेर येते, आणि कॅमेरा तिच्या तोंडावर राहतो.

परवानग्यांचं थोडक्यात. देवगिरी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, नळदुर्ग राज्याच्या. बाकी किल्ला कोणाकडे आहे ते दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. अर्ज वेळेवर निघत नाहीत, निदान दोन महिने हातात ठेवा. लघुपटापुरती गावची गढीच बरी, मालक आणि ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन. पोलीस ठाण्यात तारीख, जागा, माणसं आणि नकली हत्यारांची संख्या लिहून पत्र द्या, पोच घ्या, आजूबाजूच्या चार गावांत दवंडी द्या. फौजी कपड्यांत कोणी जेवायला मोटारसायकलवर घरी जाऊ नये. घोडे-बैल वापरणार असाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे आधी नोंदणी लागते. फौज दाखवणाऱ्या चित्रपट-मालिकांनी प्रदर्शनापूर्वी संरक्षण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घ्यावं असं मंत्रालयाने २०२० मध्ये सेन्सॉर बोर्डाला कळवलं आहे, तिकडेही एक अर्ज टाका.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तो टाळता येणार नाही. रझाकार कसा दाखवायचा. काजळ घातलेले डोळे, हिरवा उजेड, गडगडाटी हसणं, ही सोपी वाट आहे आणि ती खोटी आहे. रझाकारांचा नेता कासीम रझवी लातूरला वकिली करत होता. त्याच्या मागे गेलेले लोक बाजारातले, कचेरीतले, शेजारचे होते. भीती तिथेच आहे, की ओळखीचा माणूस रात्री दारात उभा आहे. रझाकारांना विरोध करणाऱ्यांत मुसलमानही होते. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना २२ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादेत मारलं गेलं ते याच कारणासाठी. आणि फौज आल्यावर मराठवाड्यातल्या कित्येक गावांत निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या, पंडित सुंदरलाल समितीने त्याचा अहवाल दिला, तो कित्येक दशकं बंद राहिला. पंचवीस मिनिटांत हे सगळं मावणार नाही, मान्य. पण गावातलं एक मुसलमान घर लघुपटात सुरुवातीपासून ठेवा, त्यातला माणूस रझाकार नसलेला, आणि फौज जाते त्या शेवटच्या दृश्यात त्या घराचं दार बंद आहे एवढं दिसू द्या. संवाद लिहिताना रझाकारांच्या तोंडी मुंबईची सिनेमातली उर्दू घालू नका, दखनी घाला: "कायकू", "नक्को", "हौ". गावची पोरंही त्यांच्याशी त्याच बोलीत बोलतील, कारण एकाच गल्लीत वाढलेत.

दिवसाचं गणित असं धरा: एका कॅमेऱ्याने दिवसाला तीस ते पस्तीस शॉट होतात, त्याहून जास्त ठरवलं तर संध्याकाळचे सगळे घाईत खराब होतात. सहा मिनिटांच्या चकमकीला दोन पूर्ण दिवस आणि एक पहाट. पहिल्या दिवशी लांबचे शॉट आणि गर्दी, कारण कपडे तेव्हा स्वच्छ असतात आणि माणसं ताजी. दुसऱ्या दिवशी चेहरे, हात, चिखल, रक्त. पहाटेच्या शॉटसाठी साडेचारला जागेवर, सहाला तयार. चांगला उजेड साधारण पाऊण तास मिळतो. हत्यारांची वही करा, प्रत्येक नकली बंदुकीला आणि तलवारीला नंबर रंगवा, सकाळी सही घेऊन द्या आणि संध्याकाळी सही घेऊन परत घ्या. एक जरी कमी भरली तर ती सापडेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, कारण दुसऱ्या दिवशी ती ज्वारीत कापणी करणाऱ्या एखाद्या लेकराला सापडेल आणि गावभर पोलीस येतील.